बाकी

वेळापत्रकात लिहिलंय : दुपारी सव्वातीन ते साडेतीन, चिंतन.
पंधरा मिनिटं.
आम्ही बारा शिक्षक, मिनेसोटाहून आलेले,
गळ्यात नावाच्या पट्ट्या, हातात एकसारख्या वह्या,
अलाबामातल्या एका गावात, ज्याचं नाव
बसमध्ये कुणालाच धड उच्चारता आलं नाही.

सकाळी पूल पाहिला. पुलावर फोटो काढला.
फोटोत आम्ही हसत होतो.
कुणीतरी म्हणालं, हसू नका,
मग परत काढला.

आता चर्चच्या तळघरात बसलोय.
हातात पुठ्ठ्याचे पंखे, पंख्यांच्या मागे
मयताची व्यवस्था करणाऱ्या दुकानाची जाहिरात, फोन नंबरासकट.
समोर ओझेला प्रुएट, वय शहात्तर,
खुर्चीवर नाही, टेबलाच्या कडेला टेकून :

"गणिताचा तास होता. स्टॉलवर्थबाईंचा.
उठून जाईल त्याचं नाव लिहून घ्या, असा वरून हुकूम.
बाहेर शिट्टी वाजली. ठरलेलीच होती.
बाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं.
मग वळल्या, फळ्याकडे तोंड केलं
आणि एक भागाकार मांडला, असला लांबलचक
की वरून खाली यायला दहा मिनिटं लागावीत.
बाकं सरकली. त्या म्हणाल्या, सात त्रिक एकवीस.
दार वाजलं. त्या म्हणाल्या, वरचा शून्य खाली घ्या.
मी सगळ्यात शेवटी निघाले. माझी पट्टी पडली, खण्णकन.
त्या न वळता म्हणाल्या,
ओझेला, बुटाच्या नाड्या बांध. आज चालायचंय."

किती चाललात, आमच्यातल्या एकानं विचारलं.
"चार चौक. मग पोलीस.
मग नऊ दिवस, जत्रेच्या मैदानात,
जिथं गुरं बांधायचे तिथं."

आणि बाई?
"बाईंना जूनमध्ये पत्र आलं. एका ओळीचं.
मग त्या शिवणकाम करायच्या.
माझ्या लग्नाचा झगा त्यांनीच शिवला.
पैसे घेतले, हो! पूर्ण घेतले."

बारा पेनं एकदम खाली वाकली.
शेजारच्या ग्रेटानं 'धाडस' लिहून चौकट काढली,
चौकटीला बाण, बाणापुढे काही नाही.

माझं पेन थांबलं होतं.
मीही एकोणीस वर्षं फळ्याकडे तोंड करतेय.
फेब्रुवारीत, तिसऱ्या रांगेतला एक मुलगा
हमदीच्या डोक्यावरच्या रुमालाबद्दल काहीतरी बोलला.
काहीतरी नाही. काय बोलला ते मी ऐकलं,
शब्दन् शब्द.
दोन-तीन पोरं हसली.
मी वळले आणि फळ्यावर तारीख लिहिली.
तारीख आधीच लिहिलेली होती.
ती पुसली, पुन्हा लिहिली, सावकाश, वळणदार,
हशा विरेपर्यंत.
मग म्हणाले, चला, पान एकशे बारा.
पान एकशे बारावर होता पूल. हाच.

पाठ फिरवणं आणि पाठीशी उभं राहणं,
मागच्या बाकावरून कदाचित सारखंच दिसत असेल.
हमदी पुढच्या बाकावर बसायची.

साडेतीन वाजले. खुर्च्या आवरताना
मी ओझेलाबाईंना विचारलं, उगाच,
काहीतरी विचारायचं म्हणून :
त्या भागाकारात शेवटी बाकी किती उरली?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी पाहते, कुणी धडा न वाचता हात वर केला की.
"मला काय माहीत," त्या म्हणाल्या,
"मी तिथं नव्हते ना."

बसमध्ये कागद वाटले :
आज काय शिकलात? तीन मुद्दे.
बाहेर विजेच्या तारांवर चढलेली हिरवी वेल,
खांब कुठला आणि झाड कुठलं कळू नये इतकी.
ग्रेटाचे तिन्ही मुद्दे झाले, ती गोळ्या वाटू लागली, पेपरमिंटच्या.
मी पहिल्या रेघेवर तारीख लिहिली.
खोडली.